खुलाशाचं पान

आमच्या दिवाळी अंकातलं एक पान छापायचं राहून गेलं. 'राहून गेलं' ही संपादकांची सोयीची भाषा. खरं सांगायचं तर ते पान मी माझ्या हाताने काढलं, आणि त्या वेळी त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. पान दातारबाईंचं होतं. बाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्या असतानाच मी ते छापायला निघालो होतो, तेव्हा त्यांनीच मला अडवलं. का अडवलं, ते सांगायचं तर बाईंबद्दलच सांगावं लागेल.

कामशेतच्या एका शाळेत बाई विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. त्या लोणावळ्याहून यायच्या, मी तळेगावहून. उंची बेताची, चष्म्याची दोरी गळ्यात, चालणं घाईचं. खांद्याला कायम एक खाकी पिशवी असायची. तिच्यात थर्मामीटर, होकायंत्र, मोजपट्टी, ओळंबा आणि विजेरी एवढं भरून उरलेल्या जागेत जेवणाचा डबा. गवंड्याची हत्यारं घेऊन ही बाई शाळेत कशाला येते, असं नवीन शिपायाने मला एकदा हळूच विचारलं होतं.

ती हत्यारं भुतांसाठी होती. अमुक जागी काहीतरी आहे असं कुणी म्हणायचा अवकाश, बाई रविवारी पिशवी घेऊन तिथे हजर. लोणावळ्यात वर्षाचे दहा महिने कुलूपबंद असणारे बंगले भरपूर, त्यामुळे तिकडच्या भुतांना जागेची टंचाई कधीच नव्हती. बाई जायच्या, भिंतीची ओल बघायच्या, झरोक्यातून येणारा वारा मोजायच्या आणि वहीत लिहून आणायच्या. "आधी मोजा, मग घाबरा," हे त्यांचं पेटंट वाक्य. शाळेतली पोरं ते परीक्षेच्या निकालालाही लावायची.

लोकांना वाटायचं, बाई भलत्याच धीट. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात भित्रं माणूस म्हणजे दातारबाई. पाल दिसली की त्या वर्गाबाहेर. प्रयोगशाळेला कुलूप लावायच्या आधी गॅसची तोटी तीनदा बघायच्या, आणि फाटकापर्यंत आल्यावर चौथ्यांदा बघायला परत जायच्या. भलत्या वेळी फोन वाजला तर आधी पांढऱ्या पडायच्या, मग उचलायच्या. मी एकदा चिडवलं तेव्हा म्हणाल्या, "सर, मी भित्रीच आहे. ज्याला भीती वाटत नाही तो मोजायला कशाला जाईल?"

एका वर्षी प्रयोगशाळेतल्या कपाटातल्या काचेच्या बरण्या आपोआप किणकिणायला लागल्या. रोज दुपारी, साधारण एकाच वेळी. त्याच उन्हाळ्यात आमचे जुने शिपाईमामा वारले होते आणि त्या बरण्या पुसायचं काम त्यांच्याकडे असे. मग काय, नववीच्या वर्गाने निकाल देऊन टाकला. बाईंनी तीन दिवस पाण्याने भरलेली परात कपाटासमोर ठेवली आणि सगळ्या वर्गाला पाण्यावरचे तरंग बघायला लावले. दुपारची एक्स्प्रेस रुळांवरून धडधडत गेली की परातीत तरंग उठत आणि पाठोपाठ बरण्या वाजत. कपाटाच्या एका पायाखालची चीप निघाली होती, एवढंच. पुठ्ठ्याची घडी घालून बाईंनी पाय टेकवला, आवाज बंद.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. वडिवळ्याची सुरेखा म्हणून एक मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मग शिपाईमामा कुटं गेले?"

त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत बाई डबा न उघडता बसून राहिल्या. "मी तिचा आवाज काढून घेतला," म्हणाल्या, "आणि बदल्यात दिलं काय, तर पुठ्ठ्याची घडी." सुरेखाचा प्रश्न त्यांनी वहीत तारीख घालून लिहून ठेवला होता. मी तो पाहिलाय.

या सगळ्या मोजणीतून बाई भयकथा लिहायच्या. आम्हा काही शिक्षकांचा एक छोटा दिवाळी अंक निघतो आणि त्याचं संपादन माझ्याकडे असतं. बाईंची कथा त्यात दरवर्षी ठरलेली. लिहायची पद्धतही ठरलेली. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे 'भय', उजवीकडे 'कारण'. उजवी बाजू पुरी भरल्याशिवाय कथेचा पहिला शब्द लिहायचा नाही. आणि कथा संपली की शेवटी एक स्वतंत्र पान, त्यावर मथळा: खुलासा.

या खुलाशावरून आमची दरवर्षी जुंपायची. विलायती भयकथांमध्येही हे भांडण जुनंच आहे. एका पंथात शेवटी कळतं, की भूत म्हणजे तळघरात कोंडून ठेवलेलं कुणी जितंजागतं माणूस होतं. दुसऱ्या पंथात भूत ते भूतच, वाचकाने काय ते बघून घ्यावं. मी दुसऱ्या पंथाचा. मी म्हणायचो, "बाई, एवढं सुंदर घाबरवता आणि शेवटी वर्गात फळ्यावर आकृती काढल्यासारखं समजावून सांगता. वाचकाचा काटा आलेला परत बसतो."

"बसू दे की," त्या म्हणायच्या. "तुमचा वाचक पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दिवा चालू ठेवून झोपेल. माझा वाचक त्याच वाटेने घरी जाणार आहे."

मला ते वाक्य तेव्हा नुसतं टाळ्या घेणारं वाटलं.

त्या वर्षीची कथा वडिवळ्याच्या धरणाकाठच्या एका बंद पडलेल्या पंपघराची होती. पंपघराच्या दाराला गंजलेलं कुलूप आहे, पण आतून कुणी श्वास घ्यावा तसा आवाज येतो. लांब, ओला, मध्येच थांबणारा. बाई चार रविवार तिथे बसल्या. पाण्यात उतरलेल्या जाड लोखंडी नळाचं खालचं तोंड अर्धं बुडालेलं असतं. लाट आली की नळातली हवा वर ढकलली जाते, लाट ओसरली की आत ओढली जाते. पंपघरातल्या फुटक्या झडपेतून तिची ये-जा होते, तोच श्वास. हे सगळं उजव्या बाजूला लिहून झाल्यावर बाईंनी डावीकडे एक बाई रचली, पाणीवाली. संध्याकाळी काठावरून एकट्या जाणाऱ्या बाईला ती आधी डोळ्यांपुढे काजवे दाखवते आणि मग धरते. खुलाशाच्या पानावर कथेतली शिक्षिका नळाच्या तोंडावर गोणपाट दाबते, श्वास थांबतो आणि ती हसत घरी जाते.

अंक छापायला जायच्या दिवशी एका फार्महाउसच्या योजनेची पानभर जाहिरात आली. एक पान काढणं भाग होतं. मी खुलासा काढला. कथा आता 'आत कुणीतरी श्वास घेत होतं' या ओळीवर संपत होती. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि म्हटलं, आता झाली कथा. बाईंना विचारलं नाही, कारण त्या नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं.

अंक हातात आला की बाई मागून उघडायच्या. त्यांनी पानं चाळली, हिरवळीवरच्या बंगल्याचं चित्र पाहिलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. त्यांनी एवढंच विचारलं, "किती प्रती गेल्या?"

सगळ्या गेल्या होत्या. कथा भलतीच गाजली. कुणीतरी ती आवाज देऊन वाचली, पाठीमागे धापा टाकल्याचा आवाज घातला आणि ती फोनाफोनी फिरली. पवनानगरचे जीपवाले पर्यटकांना पाणीवाली आपल्याच पवना धरणावर असल्याचं सांगू लागले. पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले होते. बाई मात्र त्या दिवसांत रोज विचारायच्या, "वडिवळ्याचं काही ऐकलंत?" मी म्हणायचो, "काही नाही हो बाई, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दुपारी बाईंचा मला फोन आला. आवाज इतका बारीक होता की मला आधी ओळखू आला नाही. "गाडी काढा. मला कामशेतहून घ्या. वडिवळ्याला जायचंय."

वाटेत कळलं ते असं. सुरेखा, तीच बरण्यांवाली, गावातच दिलेली होती आणि तिला आठवा महिना होता. आपल्या बाईंनी आपल्या गावावर लिहिलं म्हणून तिने अंक कौतुकाने आळीत वाचून दाखवला होता. आरोग्य उपकेंद्रात तपासणीला जायची वाट पंपघरावरून जाते. दिवाळीपासून सासूने तिला त्या वाटेने जाऊ दिलं नव्हतं, आणि तिचा स्वतःचाही धीर होत नव्हता. आज सकाळी तिला झटका आला. दातखीळ बसली, हातपाय ताठले. तिचा नवरा संतोष आंबीच्या कंपनीत कामाला. त्याने बाईंना फोन केला होता, आणि त्याचं बोलणं बाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं: "बाई, आमच्या अंकात शेवटचं पान न्हाई. पानीवालीनं धरल्यावर उपाय काय करायचा, त्ये कुठल्या पानावर छापलंय?"

मी गाडी चालवत राहिलो. बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

सुरेखा माजघरात घोंगडीवर पडली होती. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. बाईंनी तिच्या पायावर अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा तसाच राहिला. "बाई, डोकं फुटतंय," ती म्हणाली, "डोळ्यापुढं काजवं दिसत्यात." ते वाक्य मी तपासून छापायला पाठवलं होतं.

"हिचा रक्तदाब वाढलाय," बाई सासूला म्हणाल्या, "हौसामावशी, हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. पुन्हा झटका आला तर दोन जीव जातील."

"न्हाई बाई. देवरूषी सांजंला यायचाय. तवर तिनं उंबरा वलांडायचा न्हाई."

"अहो, पाणीवाली वगैरे काही नाही. मी मनाने रचलीय ती. मी लिहिलीय."

"तुमीच लिवलंय न्हवं?" मावशी शांतपणे म्हणाल्या. त्यांना राग आलेला नव्हता, त्या घाबरलेल्या होत्या. "मंग हिला काजवं दिसणार त्ये तुमाला आदीच कसं कळलं?"

काजव्यांचं कुठून आलं ते मला माहीत होतं. चक्कर येताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात ही साधी बोलायची पद्धत, म्हणून बाईंनी ते कथेत घातलं होतं. पण ते आता समजावून कुणाला सांगणार? बाहेर ऊन कलायला लागलं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, सुरेखाकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे. तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून स्वतःचा अंक काढला. "तुमच्या अंकात शेवटचं पान नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यात आहे. ऐका."

आणि फार्महाउसच्या जाहिरातीचं पान उघडून त्या वाचू लागल्या. "पाणीवालीने धरलेल्या बाईला दिवे लागायच्या आत वाहत्या पाण्यापलीकडे न्यावं. वाटेत कुठे थांबू नये. पाण्यापलीकडे पांढऱ्या कपड्यांतली बाई असेल, तिच्या हाती द्यावं. ती जे टोचेल, जे पाजेल, त्याला नाही म्हणू नये." आवाज अगदी सपाट, वर्गात धडा वाचावा तसा.

संतोष त्यांच्या मागेच उभा होता. त्याला वाचता येत होतं. त्याने बाईंच्या खांद्यावरून पानावर पाहिलं, तिथला बंगला पाहिला, खालचा फोन नंबर पाहिला. मग तो म्हणाला, "आये, बाई वाचत्यात त्ये बराबर हाय. हितं लिवलंय तसं. मी बगितलं."

पुढच्या पाचच मिनिटांत सुरेखा गाडीत होती. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. मावळातल्या त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला आजही तोंडपाठ आहे. इंद्रायणीचा पूल आला तेव्हा बाईंनी मागे वळून मोठ्याने सांगितलं, "आलं बरं का वाहतं पाणी." मावशींनी हात जोडले. पुलानंतर दुसरा झटका आला. बाई पुढच्या सीटवरून उलट्या वळून सुरेखाला कुशीवर धरून होत्या आणि तळेगाव येईपर्यंत सेकंद मोजत होत्या. मला ते मोजणं ऐकवत नव्हतं, आणि त्या थांबल्या असत्या तर त्याहून वाईट झालं असतं.

दोघी वाचल्या. सुरेखा, आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली तिची एवढीशी मुलगी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावर बाईंनी डबा उघडला आणि तसाच मिटला. मी माफी मागितली. ती मागण्यातही माझी भाषा संपादकाचीच होती, त्याची अजून लाज वाटते. बाई म्हणाल्या, "तुम्ही पान काढलंत. त्या जागी मी काय छापलं, ऐकलंत ना? आता ते खोडायचं कसं, हे सांगा."

ते खोडता आलंच नाही. बाईंनी मंत्र वाचून सुरेखाला सोडवलं, ही बातमी कथेपेक्षा जोरात पसरली. सगळा गाव असंच मानत होता असं नाही. संतोष चारचौघांत सांगायचा, बीपी वाढलं होतं म्हणून. ऐकणारे मान डोलवायचे आणि बायका लोणावळ्याला बाईंच्या दारात नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन उभ्या राहायच्या. एकीचा ताप उतरत नव्हता, एकीची कूस उजवत नव्हती. बाई प्रत्येकीला डॉक्टरकडे पिटाळायच्या आणि रात्ररात्र झोपायच्या नाहीत. "उद्या एखादी डॉक्टरकडे जायच्या ऐवजी माझ्याकडे येईल आणि मी घरी नसेन," म्हणायच्या.

शेवटी त्यांनी पिशवीत गोणपाट घातलं आणि रविवारी सगळ्या आळीला पंपघरापाशी बोलावलं. नळ दाखवला, लाट दाखवली, हवा कशी ये-जा करते ते सांगितलं. मग वाकून नळाच्या तोंडावर गोणपाट दाबलं. श्वास थांबला.

हौसामावशींनी पदर डोक्यावर घेतला. "बगा," त्या हळूच म्हणाल्या, "बाईंनी हात लावला तशी गप झाली."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहून त्या जमलेल्या बायकांकडे बघत राहिल्या, आणि नववीच्या वर्गात सुरेखाचा प्रश्न आला होता तेव्हाचा चेहरा मला पुन्हा दिसला.

पुढच्या दिवाळीला मी ठरवलं की खुलासा छापायचाच. माफीच्या चार ओळींसह, पहिल्या पानावर. त्याचा छापील कच्चा कागद घेऊन बाईंना दाखवायला निघालो. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. घरी कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, रविवारी त्या वडिवळ्याला असतात.

पंपघराच्या सावलीत सतरंजी अंथरली होती. बाई बसल्या होत्या आणि पुढे पंधरा-वीस बायका, दोघी-तिघी पोटुशा. कुणाच्या हातात नारळ होता. बाई नारळ बाजूला ठेवायच्या आणि हात पुढे करायला सांगायच्या. बायका बांगड्या वर सारायच्या आणि बाई दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायच्या. फुगा दाबायच्या, कानाला नळी लावून ऐकायच्या, आकडा वहीत लिहायच्या. आकडा वर असला की चिठ्ठी लिहून द्यायच्या आणि म्हणायच्या, "उद्याच्या उद्या वाहत्या पाण्यापलीकडे जायचं. चुकलीस तर मला चालणार नाही." बायका ती चिठ्ठी कपाळाला लावून कमरेला खोचायच्या. सुरेखा मुलीला कडेवर घेऊन रांग लावत होती.

मी कागद पुढे केला. बाईंनी तो पुरा वाचला, माफीच्या ओळींसकट. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मग घडी घालून पिशवीत ठेवला.

"आत्ता नको छापू," म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या.

"पण बाई, खुलासा तुम्हालाच हवा होता."

"हवा आहेच की. पण या कशासाठी येतात, माहीत आहे ना? तो छापलास तर पुढच्या रविवारी यातल्या निम्म्या येणार नाहीत. इथे दर आठवड्याला सिस्टर येऊन बसायला लागली की छाप. मी अर्ज केलाय."

"आणि तोवर हे खोटं?"

त्यांनी माझा हात ओढला, बाही वर केली आणि पट्टा बांधला. फुगा दाबताना त्यांचे ओठ हलत होते. हवा सुटल्याचा आवाज आला, आणि त्याच वेळी मागे पंपघरातही लांबलचक श्वास ऐकू आला. कारण मला पाठ होतं, तरी मानेवर काटा आला. बाईंनीही क्षणभर कान तिकडे दिला होता, मी पाहिलं.

"बराच वर आहे," त्या आकड्याकडे बघत म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मोजून झालं. आता घाबरा."

त्यानंतर मी बाईंना पाहिलं नाही. गाडी वळवताना आरशात दिसल्या तेवढ्याच. पुढची बाई बांगड्या वर सारत होती आणि दातारबाई कानाला नळी लावून, डोळे मिटून ऐकत होत्या. पंपघरापाशी आता गुरुवारी सिस्टर येऊन बसतात, असं परवा संतोषने कळवलं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी काढलेलं पान सोबत जोडलं आहे. माफीच्या ओळीही तशाच ठेवल्या आहेत, त्यांनी दुरुस्त केलेल्या स्वल्पविरामासकट.